सरोजिनीनं मुलीला शाळेतून काढलं

सरोजिनी वैरागडे मला भेटली ती रायपुरातल्या आमच्या शाळेच्या फाटकात, १९९९ च्या जुलैमध्ये. पहिलीतल्या मुलीचा हात धरून ती उभी होती आणि चौकीदाराला हिंदीत काहीतरी विचारत होती. तिचं हिंदी ऐकूनच मला कळलं की ही विदर्भातली आहे. मी मराठीत बोलले तशी तिचा चेहरा खुलला. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीची ती. नवरा दिवाकर उरला औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या एका रोलिंग मिलमध्ये वजनकाट्यावर कारकून, घर भनपुरीत ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गोदामांमागे. मी विमला, त्या शाळेत चौथीला शिकवायचे आणि चौबे कॉलनीत राहायचे. आमचं घराणं नागपूरच्या भोसल्यांच्या राजवटीत इकडं आलेलं, त्यामुळं आमची मराठी अर्धी हिंदी झालेली. सरोजिनीशी बोलताना मला माझ्या आजीची भाषा ऐकल्यासारखं वाटायचं. म्हणून ओळख वाढली.

तिची मुलगी अनुश्री बोलायला कमी होती. आईनं मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर द्यायची, तेही दोन शब्दांत. पण अक्षरांचं तिला वेड होतं. वहीच्या मागच्या पानांवर ती अक्षरं काढायची, आणि ती नुसती क, ख, ग नसायची. घराशेजारी उभ्या राहणाऱ्या ट्रकांवर जे जे लिहिलेलं असे ते ती जसंच्या तसं उतरवायची. ओडिया, तेलुगू, गुरुमुखी. वाचता येत नव्हतं, पण वळण अचूक असायचं. एकदा मी ती पानं पाहिली आणि हसून सोडून दिली. गणिताच्या सरांनी ती पाहिली तेव्हा त्यांना हसू आलं नाही.

ती तेव्हा तिसरीत होती. तिच्या आणि माझ्या वर्गाच्या मधे लाकडी पार्टिशन होतं, भिंत नव्हती. दुपारच्या तासाला पलीकडं सरांचा आवाज चढला, बेरजांच्या वहीत हे काय करून ठेवलंस म्हणाले, आणि मग एक थप्पड ऐकू आली. एकच. त्यानंतर पलीकडचा सगळा वर्ग गप्प झाला. माझ्या वर्गातली मुलंही माझ्याकडं बघायला लागली. मी त्यांना म्हटलं, पुढं वाचा.

संध्याकाळी अनुश्रीच्या डाव्या कानातून रक्त आलं. सरकारी दवाखान्यात सांगितलं की पडदा फाटला आहे. पुढं त्या कानातून वर्षभर पाणी येत राहिलं आणि ऐकू येणं जवळजवळ गेलं. दिवाकर मिलमधली पाळी सोडून शाळेत आला. मुख्याध्यापकांनी आम्हा शिक्षकांना एकेक करून ऑफिसात बोलावलं. सर म्हणत होते, मुलगी बाकावरून पडली. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, मी काही पाहिलं नाही. ते खरं होतं. मी ऐकलं होतं, पण ऐकलं का असं मला कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. नोकरी मला उशिरा लागली होती आणि ती तेव्हा कायम व्हायची होती.

प्रकरण तिथंच मिटलं. सरोजिनीनं मुलीला शाळेतून काढलं.

दुसरी शाळा बघा असं सगळ्यांनी सांगितलं. तिनं एका शाळेत नेऊनही पाहिलं. फाटकापाशी पोचताच अनुश्रीनं आईच्या साडीत तोंड खुपसलं आणि तिथंच लघवी केली. तिला उचलून सरोजिनी घरी आली आणि दिवाकरला म्हणाली की मीच शिकवीन. ती स्वतः बारावी शिकलेली. दिवाकरला ते पटलं नाही, पण पोरीची अवस्था त्यानं पाहिली होती. वर्षभर बघू, म्हणाला.

पहिले चार महिने तिनं शाळाच घरी आणली. सकाळी दहा ते एक, पाटीपुस्तक, पाढे, शुद्धलेखन. अनुश्री बसायची, पण नजर खिडकीबाहेर. एके दिवशी सातचा पाढा अकरा वेळा सांगूनही येईना, तेव्हा सरोजिनीचा हात उठला. मारलं नाही तिनं. पण हात वर गेलेला पाहताच त्या आठ वर्षांच्या मुलीनं दोन्ही तळव्यांनी आपले दोन्ही कान घट्ट झाकले आणि डोळे मिटून घेतले.

हे मला सरोजिनीनंच सांगितलं. "तवाच मी पुस्तक बंद केलं, विमलाताई," ती म्हणाली. "मले त्या मास्तरसारखं व्हायचं नव्हतं. मी तिले म्हटलं, तुले काय पाह्यचं ते दाखव, मी तुह्या मागं येतो."

मुलीनं तिला ट्रकांच्या गल्लीत नेलं.

भनपुरीत ट्रक बांधणाऱ्यांची आणि रंगवणाऱ्यांची रांगच आहे. चॅसी येते, सुतार तिच्यावर लाकडी बॉडी चढवतात, लोहार पट्ट्या ठोकतात आणि शेवटी पेंटर येतो. तिथं धर्मपाल नावाचा पेंटर होता. पन्नाशीचा, मूळचा गोंदियाकडचा, पण तीस वर्षं रायपुरात राहून पक्का इथला झालेला. तो ट्रकच्या मागच्या फळीवर मोर, कमळ, मालकाच्या गावाचं नाव असं सगळं काढायचा आणि पाच लिप्यांमध्ये लिहायचा. अनुश्री रोज त्याच्यासमोर उभी राहू लागली. सरोजिनी जवळच एका रिकाम्या टायरवर बसून राहायची. पहिले काही दिवस त्यानं दुर्लक्ष केलं. मग एकदा त्यानं खडूचा तुकडा मुलीच्या हातात दिला आणि जमिनीकडं बोट दाखवलं.

तेव्हा नवं राज्य होऊन वर्षच झालं होतं. रायपूर राजधानी झालं होतं, जुन्या इमारतींवर नव्या खात्यांचे बोर्ड लागत होते आणि गाड्यांच्या पाट्यांवरचं एम.पी. जाऊन सी.जी. यायचं होतं. गल्लीत त्याचंच काम तुफान होतं. ट्रक रांगेनं उभे असत. धर्मपालला हात कमी पडत होते. नऊ वर्षांची अनुश्री सुरुवातीला त्याच्यासाठी खडूनं आखणी करून द्यायची, आणि काही महिन्यांनी एका पाटीवरचं सी त्यानं तिला काढू दिलं. सरोजिनीनं त्या दिवशी शिरा केला होता. मला डब्यातून आणून दिला.

मी तिच्याकडं रविवारी जायला लागले होते. पुस्तकं नेत असे, जुने नकाशे, रंगीत खडू. ती म्हणायची, ताई, तुम्ही किती करता. मी पिशवीतली पुस्तकं काढत राहायचे.

खरं सांगायचं तर तिच्या शिकवण्यातून मीच शिकत होते. तिनं एक जाडी वही घातली होती. अनुश्री दिवसभरात जे विचारेल, जे करील, ते सरोजिनी रात्री त्यात तारखेनिशी लिहायची. ओडिया अक्षरं गोल काहून असतात? विशाखापट्टणमहून ट्रकला दोन दिवस लागतात तर ते किती दूर? आठ फुटांच्या फळीवर अकरा अक्षरं बसवायची तर एकाला किती जागा द्यायची? या प्रश्नांची उत्तरं सरोजिनीला येत नसत. ती मला विचारायची, ड्रायव्हरांना विचारायची, धर्मपालला विचारायची. एका शीख ड्रायव्हरकडून मायलेकी दोघी गुरुमुखी शिकल्या. भिंतीवरच्या नकाशात नव्या जिल्ह्याची गाडी दिसली की टिकली लागायची. जी मुलगी सातच्या पाढ्याला अडली होती ती दहाव्या वर्षी फळीवरची मापं अपूर्णांकात सांगायची, आणि तेलुगू अक्षरं जुळवून वाचायची. आमच्या शाळेतल्या पाचवीच्या एकाही मुलाला तेवढं येत नव्हतं. मी ते स्टाफरूममध्ये कधी बोलले नाही.

मुलगी बोलू लागली होती. गल्लीत तिला सगळे ओळखत. दिवाकर मात्र परीक्षेचं काय, सर्टिफिकेटचं काय, हे विचारत राहायचा. सरोजिनीनं ओपन स्कूलची माहिती काढून आणली, वयाची चौदा वर्षं झाली की दहावीला बसता येतं म्हणून सांगितलं. त्याला मुलीचा अभिमानही वाटायचा. मिलमध्ये येणाऱ्या ट्रकवर एखादं कमळ दिसलं की काट्यावरच्या लोकांना सांगायचा, हे माह्या पोरीनं रंगवलं.

मग पोटदुखी सुरू झाली.

२००५ चा उन्हाळा. अनुश्री बारा वर्षांची. पोटात मुरडा यायचा, ती गुडघे छातीशी घेऊन पडायची, घामानं भिजायची. दोन दिवसांनी बरी व्हायची आणि पुन्हा गल्लीत जायची. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग पित्ताचं. शौचाला आठ आठ दिवस होईना. चेहरा पांढरा पडला. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. वयात येणाऱ्या पोरींचं असंच असतं, असं शेजारणी म्हणाल्या, आणि मीही म्हटलं. दुसऱ्या वर्षी एका नर्सिंग होममध्ये अपेंडिक्स म्हणून पोट उघडलं. काढलं ते अपेंडिक्स चांगलं होतं, हे पुढं कधीतरी कळलं. टाके वाळायच्या आत मुरडा परत आला.

त्याहून वाईट म्हणजे ती विसरायला लागली. येणारी अक्षरं अडायची. चिडायची, वस्तू फेकायची. मला एकदा म्हणाली, "आंटी, ये वाला अक्षर मुझे आता था." माझ्यासमोर तेलुगूचं एक पान होतं आणि ती त्यावर बोट ठेवून बसली होती. उजव्या हातातला ब्रश गळून पडायचा. सरोजिनीला वाटलं, अशक्तपणा आहे. ती दूध वाढवायची, खजूर आणायची.

२००७ च्या जानेवारीत अनुश्रीला फिट आली. जेवताना ताटावरच कोसळली. दिवाकरनं तिला उचललं तेव्हा तिचे दात घट्ट बसले होते. रायपुरातल्या दवाखान्यात तीन दिवस ठेवून डॉक्टरांनी नागपूरला न्यायला सांगितलं. दिवाकरला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी सरोजिनीबरोबर गेले.

नागपूरच्या त्या डॉक्टर पोक्त बाई होत्या, मराठी बोलणाऱ्या. त्यांनी अनुश्रीला तोंड उघडायला सांगितलं आणि बॅटरी लावून बराच वेळ हिरड्या पाहिल्या. मग आम्हालाही दाखवलं. दातांच्या कडेनं हिरडीवर निळसर काळी रेघ होती, पेन्सिलीनं ओढल्यासारखी. वडील काय करतात, हे त्यांनी विचारलं. सरोजिनीनं सांगितलं, लोखंडाच्या मिलमध्ये आहेत. घराजवळ बॅटऱ्या वितळवायचं काम चालतं का? नाही. मग मुलगी दिवसभर काय करते?

ट्रक रंगवते, असं सरोजिनी म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कोणता रंग वापरते, हात कशानं धुते, रंगलेल्या हातानं खाते का, असं एकेक विचारत गेल्या. पिवळा सगळ्यात जास्त लागतो, सरोजिनीनं सांगितलं, आणि फळीवर आधी शेंदरी रंगाचा हात देतात. त्या रंगांमध्ये शिसं असतं, डॉक्टर म्हणाल्या, आणि ते अंगात साठत जातं. पण नुसत्या हाताला लागून इतकं होणार नाही. रंग तोंडात जायचं काही कारण?

सरोजिनीनं पिशवीतून वही काढली. अशा सात वह्या झाल्या होत्या, त्या तिनं सगळ्या बरोबर आणल्या होत्या, डॉक्टरांनी मुलीविषयी काही विचारलं तर सांगता यावं म्हणून. तिसऱ्या वहीत ती पानं उलटत गेली आणि एका पानावर बोट ठेवून वही टेबलावर सरकवली. डॉक्टरांनी ते मोठ्यानं वाचलं. त्यांना वाटलं असावं की मलाही कळायला हवं.

"नऊ ऑगस्ट दोन हजार तीन. आज अनु ब्रशला टोक काढायला शिकली. धर्मपालभाऊ करतात तसं, ओठांत धरून. आता बारीक रेघ त्यांच्यासारखीच येते. खूप खूश आहे."

खोलीत आम्ही तिघी होतो, चौथी अनुश्री, तिला झोप लागली होती. डॉक्टर म्हणाल्या, साडेतीन वर्षं झाली. सरोजिनी म्हणाली, हो. रोज? हो, रोज.

रक्त मुंबईला पाठवलं. दहा दिवसांनी आकडा आला तो माणसाच्या अंगात चालतो त्याच्या कितीतरी पट होता. दोन महिने अनुश्री नागपुरात राहिली. शिसं बाहेर काढायच्या औषधानं तिला उलट्या होत, अंगावर पुरळ येई. जीव वाचला. पण डोक्यावर जो परिणाम झाला तो पूर्ण जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. उजवा हात मनगटातून खाली पडलेला राहिला. टेबलावर ठेवला की पंजा वर उचलता येत नसे.

दवाखान्याच्या व्हरांड्यात एका दुपारी सरोजिनी मला म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनं मिलचं विचारलं ना, तवा मी मनात म्हटलं, देवा, मिलच निघू दे. दोष त्याईच्यावर जाऊ दे." मग तिनं मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. "कान त्या मास्तरनं घेतला. हात मी घेतला."

मी तिला सांगितलं, त्याच व्हरांड्यात, की त्या दिवशी पार्टिशनच्या अलीकडं मी होते. मी ऐकलं होतं. मी बोलले असते तर कदाचित सरांना काढलं असतं, कदाचित अनुश्री शाळेतच राहिली असती. जवळजवळ सहा वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं की ती उठून जाईल.

"मले तवाच माहीत होतं," ती म्हणाली. "तुमचा वर्ग बाजूलेच होता. मंग तुम्ही पुस्तकं घेऊन येत राहिल्या, मी घेत राहिली." ती हे रागानं बोलली नाही, आणि माफ केल्यासारखंही नाही. एवढं बोलून ती आत अनुश्रीला पाणी द्यायला गेली.

भनपुरीला परत आल्यावर ती सगळ्यात आधी गेली धर्मपालकडं. मी बरोबर होते. तो शेंदरी रंग हलवत बसला होता. तिनं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यानं काठी डब्यात तशीच सोडली आणि आपला उजवा हात पुढं धरला. मनगट खाली पडलेलं होतं. तो डाव्या हातानं उजवा उचलून धरून काम करत होता आणि दोन वर्षांपासून त्याला वाटत होतं की हे वयामुळं आहे. पोट त्याचंही दुखायचं. त्यावर तो चुना खायचा. "हव बहिनजी," होकार देत एवढंच तो म्हणाला, आणि मग त्यानं विचारलं, "बिटिया का हाथ भी?" सरोजिनीनं मान हलवली. तो उठून शेडच्या मागे गेला आणि आम्ही असेपर्यंत परत आला नाही.

त्यानंतर कित्येक दिवस ती गल्लीतल्या प्रत्येक पेंटरकडं गेली. ब्रश तोंडात घालू नका, जेवायच्या आधी साबणानं हात धुवा, रंगाचे कपडे घरी नेऊ नका. काही ऐकून घेत, काही हसत. एकानं तोंडावर सांगितलं की अपनी लड़की को तो संभाल नहीं पाई. तिनं ऐकून घेतलं आणि पुढच्या शेडमध्ये गेली. धर्मपालनं ओठांत ब्रश धरणं सोडलं, पण रंगकाम सोडलं नाही, दुसरं काही येत नव्हतं त्याला. दोन वर्षांनी तो गोंदियाकडं भावाकडं गेला आणि तिथंच वारला, असं कळलं. तो गेल्यावर सरोजिनीचं गल्लीत जाणंही बंद झालं.

घरात दिवाकर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं सरोजिनी म्हणायची. तो तिच्याशी बोलायचाच बंद झाला. मीठ हवं असेल तर मुलीला सांगायचा. आर्वीहून सासूबाई आल्या आणि महिनाभर एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेनं बोलत राहिल्या, की कान तर गेलाच होता, पण पोट्टी शाळेत असती तर बाकी धड राहिली असती. सरोजिनी भाकरी थापत ऐकायची. सासूबाई चुकीचं बोलतात असं तिला वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं, आणि त्या बरोबर आहेत असंही वाटत नव्हतं.

अनुश्रीला दहावीला बसवायचं ठरलं. आता तिलाच ते हवं होतं. ओपन स्कूलचा फॉर्म मी भरला. तीन विषय निघाले, गणित आणि विज्ञान राहिलं. दुसऱ्यांदाही राहिलं. ती डाव्या हातानं लिहायला शिकली होती, पण वाचलेलं दोन दिवसांत पुसून जायचं. दुसऱ्या निकालाच्या दिवशी मी त्यांच्याकडं होते. अनुश्री सतरा वर्षांची होती. तिनं निकालाचा कागद घडी करून उशीखाली ठेवला आणि आईसमोर येऊन बसली.

"आई, मैं तो बच्ची थी," ती म्हणाली. "मुझे जो अच्छा लगता था वो मैं करती थी. आप तो वहीं बैठी रहती थीं. आपने रोका क्यों नहीं?"

मला वाटलं, सरोजिनी म्हणेल की मला माहीत नव्हतं. ते खरंच होतं. कुणालाच माहीत नव्हतं, तीस वर्षं तेच काम केलेल्या माणसालाही नव्हतं. पण ती तसं म्हणाली नाही.

"तू खूश होती बाई," ती म्हणाली. "कानाचं झाल्यावर तू पहिल्यांदा खूश दिसून राहिली होती. मी तेवढंच पाह्यलं. बाकी काही नाही पाह्यलं मी."

अनुश्री उठून आत गेली. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र, सरोजिनीनं सांगितलं, तिनं आईला वेणी घालायला बोलावलं. उजव्या हातामुळं तिला स्वतःची वेणी घालता येत नसे. वेणी घालून होईपर्यंत दोघीही बोलल्या नाहीत. दिवाकर दारात उभा राहून ते बघत होता. नंतर तो सरोजिनीला म्हणाला, चहा टाक. तीन वर्षांनी तो तिच्याशी थेट बोलला होता.

पुढं अनुश्रीला भनपुरीतच एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात काम मिळालं. ओडिशा, आंध्रहून येणाऱ्या मालाच्या बिल्ट्यांवरचे, पावत्यांवरचे पत्ते वाचायचे, म्हणजे माल कुणाचा आणि कुठं जायचा ते हिंदीत लिहून द्यायचं. काही अक्षरं तिची गेली होती, पण पुष्कळ राहिली होती. मालक तिला सकाळी चार तासच बोलवायचा, कारण दुपारनंतर तिचं डोकं दुखायचं आणि चुका व्हायच्या. सरोजिनीला त्यात समाधान होतं की नाही, मी विचारलं नाही. लोक अधूनमधून तिच्याकडं यायचे. उरल्याच्या मजूर वस्तीतली एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली, शाळेत मारतात म्हणून, तुम्हीच शिकवा म्हणाली. सरोजिनीनं नाही म्हटलं. पण ती त्या बाईबरोबर स्वतः त्या शाळेत गेली आणि हेडमास्तरांच्या खोलीत तीन तास बसून राहिली. दुसऱ्या दिवशी परत गेली. कुणाला मारलं, कधी, कुणाच्या समोर, हे सगळं तिनं लिहून मागितलं. तिसऱ्या दिवशी तिनं मला बरोबर नेलं. मी तेव्हा निवृत्त झाले होते. त्या शाळेत मी जे बोलायचं ते बोलले, पार्टिशनपलीकडून ऐकलेल्या थपडेसकट.

नागपूरला आम्ही दर तीन महिन्यांनी जात होतो. हाडांमध्ये बसलेलं शिसं वर्षानुवर्षं रक्तात उतरत राहतं, म्हणून तपासायला लागायचं. आकडा हळूहळू खाली येत होता. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाल्या की आता यायची गरज नाही, काही वाटलं तरच या. त्यांनी अनुश्रीचा उजवा हात हातात घेऊन मनगट वर उचलायला सांगितलं. ते थोडंसं उचललं गेलं, मग थरथरत खाली आलं. हात आता एवढाच राहील, त्या म्हणाल्या. अनुश्रीनं तेवढ्याच सहजपणे विचारलं, "फिट फिर से आएगी?" बहुतेक नाही, असं उत्तर मिळालं.

स्टेशनवर आलो तेव्हा गाडीला दोन तास होते. बाकावर तिघी बसलो. अनुश्री पाण्याची बाटली भरून आणायला गेली. सरोजिनीनं डबा उघडला, पोळ्या आणि वांग्याची भाजी होती, आणि माझ्यापुढं धरला. तिचे केस त्या चार वर्षांत पूर्ण पांढरे झाले होते. ती म्हणाली, आता तीन महिन्यांनी यायचं नाही तर मी काय करू, विमलाताई, दर वेळी तिच्यासाठी करायला निदान हा रस्ता तरी होता. मी म्हटलं, खा आधी. अनुश्री नळावर रांगेत उभी होती, बाटली डाव्या हातात, आणि मागच्या बाईशी काहीतरी बोलत होती. सरोजिनी तिकडं बघत पोळी मोडत राहिली.